नव्या माशाचा सव्वा महिना

आमच्या ठमाकाकू गेल्या, त्याला येत्या गणपतीत दोन वर्षं होतील.

दचकू नका! ठमाकाकू म्हणजे कुणी नात्यातल्या बाई नव्हेत. आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे, तिच्यात राहणारी ती बोटभर लांबीची क्लाउनमासळी. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, आणि चाल अशी की पाटलीणबाई वाड्यातून फिरताहेत. चार वर्षं त्या टाकीत तिचंच राज्य होतं. तुम्हाला एक गंमत सांगते. ह्या क्लाउनमाशांत मादी म्हणून कुणीच जन्माला येत नाही. आधी नर, आणि मग जोडीतला जो मोठा, दांडगा, त्याची मादी होते. घराचा कारभार तिच्याच हाती. ती गेली तर तिचा नवरा हळूहळू स्वतःच मादी होतो आणि गादीवर बसतो! हे कळल्यापासून आमच्या भिशीत ठमाकाकूंचा मान फारच वाढला होता. कुणी आलं की आधी टाकीकडे बघून "काकू बऱ्या आहेत ना?" असं विचारायचं आणि मगच चहा.

तर त्या श्रावणात मुलीचा नववा वाढदिवस होता. आमचे हे संध्याकाळी घरी आले ते पाठीमागे पिशवी लपवूनच. पिशवीत निळाशार मासा, पिवळी शेपटी. २००३ सालच्या 'फाइंडिंग नेमो' चित्रपटातली विसरभोळी डोरी तुमच्याही मुलांनी पाहिली असेल. तोच हा निळा टँग. किंमत एका चांगल्या सिल्कच्या साडीची. पण पोरीचा चेहरा असा फुलला की मी साडीचं नाव काढलं नाही. पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवली आणि मग मासा सोडून दिला. दुकानदारानं तेवढंच सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी त्याच्या परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसले. ह्यांनी फोन केला, तर दुकानदार म्हणाला, "जागा बदलली की होतं असं, वहिनींना सांगा ही बाटली रोज एक टोपण टाका, टाकीतल्या कोळंबीलासुद्धा काही होणार नाही." बाटली आली. टोपण सुरू झालं. आणि तीन दिवसांनी खरंच सगळे कण गेले! मासा लख्ख. मी त्या दिवशी शिरा केला होता, हे मला आजही आठवतं.

पुढच्या आठवड्यात कण परत आले. पण आता फक्त निळ्याच्या अंगावर नाही, सगळ्यांच्याच, आणि दसपट. ठमाकाकू कोपऱ्यात पाण्याच्या तोंडाशी उभ्या, कल्ले भराभर हलताहेत, खाणं बंद. हरतालिकेला त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान. ऋषिपंचमीला निळा. टाकीत राहिली ती फक्त कोळंबी आणि चार गोगलगाई.

मुलगी त्या रात्री जेवताना म्हणाली, "आई, बाबांनी तो मासा आणला नसता तर ठमाकाकू जगल्या असत्या ना?" ह्यांनी ताटातली मान वर केली नाही. मी म्हटलं, "जेव गपचूप." दुसरं काय बोलणार? मला उत्तर माहीतच नव्हतं.

आज माहीत आहे. मासा आणला ह्यात चूक नव्हती. आणला त्याच संध्याकाळी घरातल्या टाकीत सोडला, ही चूक. हल्ली गावोगावी अशा खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसायला लागल्यात. पुरुषमाणसं हौसेनं आणतात आणि निगा राखायची वेळ आली की ती कुणावर येते हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून हे लिहिते आहे.

रव्याचे कण गेले कुठे?

आधी तो शिरा मी का केला, म्हणजे आम्ही कसे फसलो, ते ऐका. कारण सगळी मेख तिथंच आहे.

ह्या रोगाला मासे पाळणारे 'इक' म्हणतात. शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा एक सूक्ष्म परजीवी आहे. दिसणारा पांढरा कण म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून पोसला जाणारा किडा. तिथं तो तीन ते सात दिवस खाऊन-पिऊन गबदूल होतो आणि मग आपण होऊन माशाच्या अंगावरून गळून पडतो. आपल्याला वाटतं औषधानं गुण आला! प्रत्यक्षात तो वाळूवर, दगडावर, काचेवर जाऊन कवच करून बसलेला असतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. कवच काही तीन दिवसांत फुटतात, काहींना चार आठवडे लागतात, आणि एखादं बहात्तर दिवसांनीसुद्धा फुटल्याची नोंद आहे. त्यातून निघालेली पिल्लं पोहत मासा शोधतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. सापडला, की पुन्हा पहिल्यापासून.

समुद्रात हा किडा माशाला फारसा छळत नाही. तिथं एवढं अफाट पाणी, की पिल्लांना मासा सापडणंच कठीण. चार फुटांच्या टाकीत मात्र शेकडो पिल्लं आणि तीन मासे! जायचं कुठं त्यांनी?

आता लक्षात आलं ना? माशाच्या कातडीखाली असताना औषध पोचत नाही. कवचात असताना पोचत नाही. तो उघड्यावर पोहत असतो त्या एक-दोन दिवसांतच काय तो मारता येतो. म्हणून आज औषध घातलं आणि उद्या बरा झाला, असं ह्या रोगात होतच नाही. आणि जे औषध कोळंबीला आणि प्रवाळाला बिलकूल लागत नाही, ते ह्या किड्यालाही बहुतेक लागत नाही. लसणीचा अर्क, मिरीचा अर्क वगैरे बाटल्या मिळतात. लसणीनं माशाला भूक लागत असेल तर लागो, पण इक त्यानं जात नाही. आपल्या फोडणीतच ती बरी.

आलेला प्रत्येक मासा संशयित

दुकानात मासा छान पोहत होता, अंगावर डाग नव्हता, मग कशाला एवढं? असं आमच्या ह्यांचंही म्हणणं होतं. पण त्या माशाचा प्रवास बघा. आपल्याकडे येणारे बरेचसे सागरी मासे इंडोनेशिया, फिलिपाइन्सच्या प्रवाळ बेटांवर पकडलेले असतात. तिथून गोळा करणाऱ्याच्या टाकीत, मग निर्यातदाराच्या, मग विमानातून पिशवीत, मग आयातदाराच्या, मग दुकानात. प्रत्येक ठिकाणी शंभर ठिकाणचे मासे एकाच पाण्यात. आणि बहुतेक दुकानांतून सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. म्हणजे एकाला झालं ते सगळ्यांना. कल्ल्यांत लपलेले किडे बाहेरून दिसत नाहीत, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पाहून 'निरोगी' म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे तामिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रानं क्लाउनमाशांची पैदास टाकीतच करून दाखवली आहे. अशी टाकीत जन्मलेली पिल्लं मिळाली तर तीच घ्या. कोरडं खाणं चटकन घेतात, काटक असतात, आणि समुद्रातला मासा समुद्रातच राहतो. पण तीही दुकानाच्या पाण्यात राहूनच आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांनाही सवलत नाही. (जाता जाता: कुणी समुद्रघोडा किंवा आपल्या किनाऱ्यावरचं जिवंत प्रवाळ विकायला काढलं तर हात लावू नका. दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि एवढं करून समुद्रघोडा घरात सहसा जगतही नाही.)

वेगळं ठेवणं आपल्याला काही नवीन नाही. गोवर-कांजिण्या निघालेल्या पोराला आजी मागच्या खोलीत ठेवायची. बाळंतिणीला सव्वा महिना असे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुझा शहरानं, म्हणजे आजच्या दुब्रॉवनिकनं, प्लेगच्या भीतीनं बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा कायदा केला. पुढे त्याचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळीसावरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. २०२० साली तो भाजीवालीच्याही तोंडी बसला. तेव्हा नव्या माशालाही सव्वा ते दीड महिना मागच्या खोलीत. ह्यात क्रूरपणा काही नाही. उलट त्या दमून आलेल्या जिवाला निवांतपणा मिळतो, कुणी दांडगाई करत नाही, आणि तो काय खातो हे आपल्याला नीट बघता येतं.

मागच्या खोलीतला संसार

ह्यासाठी दुसरी दिखाऊ टाकी नको. पन्नासेक लिटरची साधी काचेची टाकी किंवा खाण्याचे पदार्थ ठेवायच्या जातीचा स्वच्छ प्लास्टिकचा मोठा डबा चालतो. एक हीटर, एक थर्मामीटर, हवेचा पंप, त्याला जोडलेला स्पंज फिल्टर. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-चार तुकडे, प्लंबरकडे उरलेले असतातच. झाकण मात्र हवं, घाबरलेला मासा उडी मारतो आणि सकाळी कपाटाखाली सापडतो. वाळू घालायची नाही, दगड ठेवायचे नाहीत. का, ते पुढे सांगते.

स्पंज आधीच महिनाभर मोठ्या टाकीच्या पाण्यात ठेवून द्या. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, आणि तो पचवणारे जिवाणू स्पंजवर वसायला तेवढा वेळ लागतो. विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही, तसंच हे. मोठ्या टाकीतच रोग असेल तर मात्र तिथला स्पंज घेऊ नका. रोज अमोनिया तपासायचा आणि वाढला की पाणी बदलायचं. नव्या माशांतले पुष्कळसे रोगानं नव्हे, ह्या छोट्या टाकीतल्या अमोनियानंच दगावतात, आणि दोष औषधाला जातो.

जाळी वेगळी, बादली वेगळी, मोजायचं भांडं वेगळं, फडकं वेगळं. ह्यात सूट नाही. एका टाकीत घातलेला ओला हात दुसऱ्या टाकीत गेला तरी पुरे. शक्यतो खोलीच वेगळी ठेवा, कारण हवेच्या बुडबुड्यांनी उडणारे तुषारसुद्धा रोग नेतात. हाताला कापलेलं असेल तर हातमोजे घाला, माशांच्या पाण्यातले काही जंतू माणसाच्या जखमेतही घर करतात.

मासा घरी आला की पिशवी वीसेक मिनिटं तरंगत ठेवून पाण्याची ऊब सारखी करा. दुकानदाराला त्याच्या पाण्याचा खारेपणा आधीच विचारून ठेवा आणि मागच्या टाकीचं पाणी तेवढंच करा. रिफ्रॅक्टोमीटर असला की हे दोन मिनिटांचं काम. पिशवी लांबच्या प्रवासाची असेल तर उघडल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत अमोनिया जरा निरुपद्रवी रूपात असतो. उघडून हवा लागली की तो विषारी होऊ लागतो. मासा हलक्या हातानं काढा, नव्या पाण्यात सोडा, आणि पिशवीतलं पाणी मोरीत.

पहिले दोन-तीन दिवस औषध नाही. दिवा मंद, गडबड नाही, फक्त खाण्याकडे लक्ष. ताजी कोळंबी सोलून, धुऊन, मोहरीएवढी चिरून दिली की बहुतेक मासे तोंड लावतात. शाकाहारी घरातल्या मैत्रिणींनी नाक मुरडू नये, कोरड्या गोळ्यांवर राहणारेही मासे आहेत. आमच्याकडे माशांचा गोठवलेला खाऊ फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी असतो म्हणून सासूबाईंनी आइस्क्रीमच सोडलं. त्यांच्या साखरेच्या दृष्टीनं बरंच झालं.

तांबं: औषधही तेच, विषही तेच

इकवर आणि त्याहून घातक अशा 'वेल्व्हेट'वर चालणारं जुनं, खात्रीचं औषध म्हणजे तांबं. आपल्या घरात तांब्याच्या कळशीतलं पाणी पवित्र आणि पाचक. पण खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या वाऱ्यालाही तांब्या-पितळेचं भांडं उभं करू नका! कोळंबी, खेकडे, गोगलगाई, प्रवाळ ह्यांना तांब्याचा अंशसुद्धा मारक असतो. म्हणूनच हे औषध मोठ्या टाकीत कधीच घालायचं नाही, फक्त मागच्या खोलीत. आणि वाळू-दगड का नकोत, तर ते तांबं शोषून घेतात. आपण घालत राहतो आणि पाण्यात काही उरत नाही.

दुकानात दोन तऱ्हेची तांब्याची औषधं मिळतात. एक साधं, ज्यात तांबं मोकळं असतं. त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम. दुसरं बांधलेलं, 'चिलेटेड', ज्याची मात्रा औषधानुसार लिटरला दीड ते अडीच मिलिग्रॅमपर्यंत जाते. बघा, दहापटीचा फरक! एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर मासा तरी मरतो किंवा किडा तरी जगतो. तेव्हा बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा, आणि त्या जातीचं तांबं मोजणारं टेस्ट किट त्याच वेळी घ्या. मोजल्याशिवाय तांबं घालायचं नाही. नवशिक्यानं बांधलेलंच घ्यावं असं माझं मत, ते पाण्यात टिकून राहतं.

आमच्या शेजारच्या काकांनी सल्ला दिला होता, "अगं, बाटली कशाला, द्राक्षबागेतला मोरचूद देतो की!" मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, हे खरं. पण हिशेब करा. पन्नास लिटर पाण्याला ०.२ च्या मात्रेनं तांबं लागतं दहा मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. म्हणजे मोरचूद लागेल चाळीस मिलिग्रॅम, तांदळाच्या दोन दाण्यांच्या वजनाइतका. स्वयंपाकघरातल्या कुठल्या काट्यावर हे मोजाल? काकांना चहा दिला आणि मोरचूद परत पाठवला.

पाणी किती आहे हेही अंदाजानं ठरवू नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजारानं भागा, लिटर निघतात. साठ गुणिले तीस गुणिले सत्तावीस म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लिटर, पन्नास नव्हे. मी तर पहिल्यांदा भरताना लिटरच्या मापानंच मोजून काचेवर रेघ मारून ठेवली.

तांबं एकदम पूर्ण चढवू नका. दोन-तीन दिवसांत हळूहळू मात्रेवर आणा, मासा खातो ना बघत. मात्रा पुरी झाली त्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे. त्या काळात फिल्टरमध्ये कोळसा ठेवायचा नाही, तो औषध ओढून घेतो. अमोनिया 'बांधणाऱ्या' बाटल्याही तांब्याबरोबर वापरायच्या नाहीत, दोन्ही मिळून माशाला जास्त विषारी होतं. अमोनियावर उपाय एकच, पाणी बदलणं. आणि बदलायच्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळून घ्यायचं. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, त्यावर माझी एक फजिती पुढे येते आहे.

तांब्याचं पाणी टाकून देताना मोरीत ओता, कुंड्यांत नाही. आमच्या बाईंनी चांगलं पाणी वाया कशाला म्हणून एक तांब्याभर तुळशीला घातलं होतं. मीठ आणि तांबं दोन्ही. तुळस पुन्हा लावावी लागली.

थोडं बाकीच्या दुखण्यांविषयी

इक म्हणजे रवा, तर वेल्व्हेट म्हणजे पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक, सोनेरी झाक असलेली पूड. पुष्कळदा ती दिसायच्या आधीच कल्ले निकामी झालेले असतात. मासा पाण्याच्या झोताकडे तोंड करून उभा राहिला, धापा टाकू लागला, खाणं एकाएकी सुटलं, तर थांबू नका. वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. तांब्यानं तोही आटोक्यात येतो.

कल्ल्यांत आणि अंगावर चपटे जंतही असतात, त्यांना तांबं लागत नाही. त्यांच्यासाठी प्रॅझिक्वांटेल. तीस दिवस संपले की कोळसा घालून, पाणी बदलून तांबं काढून टाकायचं आणि मग हे द्यायचं. एकदा देऊन भागत नाही, कारण अंड्यांवर ते चालत नाही. आठवड्यानं अंडी फुटली की दुसरी मात्रा. त्या वेळी हवेचा पंप जोरात ठेवा. जंत आहेत का हे बघायचं असेल तर माशाला पाच मिनिटं गोड्या पाण्यात धरतात. पाण्याची ऊब आणि आम्लता सारखी करून, क्लोरिन काढून, हवा सोडून. जंत पांढरे होऊन तिळासारखे तळाशी पडतात. इकसाठी मात्र ह्या बुडीचा उपयोग नाही, तो कातडीखाली असतो.

क्लाउनमाशांना आणखी एक ओंगळ रोग होतो, ब्रुक्लिनेला. अंगावरून बुळबुळीत पापुद्रे सुटतात. तांब्यानं तो जात नाही, त्याला फॉर्मेलिन लागतं. आणि फॉर्मेलिन हे लेकराबाळांच्या घरात हाताळायचं रसायन नव्हे, माहीतगाराकडेच जा. आपल्या कपाटातल्या उरलेल्या गोळ्या, अँटिबायोटिक किंवा मलेरियाच्या, कुटून टाकीत घालायचा मोह होतो. तो आवरा.

रिकाम्या टाकीची दिवाळी

आता आमच्या घरी परत येते. मासे गेले, पण कवचं टाकीतच होती. बहात्तर दिवसांची नोंद आहे म्हणून शहात्तर दिवस टाकीत एकही मासा ठेवायचा नाही, असं पुस्तकं सांगतात. कोळंबी आणि गोगलगाई राहू शकतात, त्यांना हा रोग होत नाही. (नव्या गोगलगाईच्या शंखाला चिकटून कवच येऊ मात्र शकतं. तिला तांबं तर चालत नाही, तेव्हा तिलाही तेवढे दिवस बिनमाशाच्या पाण्यात ठेवायचं.)

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. फराळाला येणारा प्रत्येक पाहुणा टाकीसमोर उभा राहून विचारायचा, "मासे कुठायत?" मी म्हणायची, "नाहीत." "मग दिवा कशाला लावलाय?" एका मावशींनी तर टाकीत कमळं लावा असं सुचवलं. ह्यांनाही राहवेना. "एवढे दिवस झाले, आता काय असणार त्यात?" पण मुलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे घातले होते आणि रोज एक खोडत होती. तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

दसऱ्याला दोन लहान क्लाउनमासे आले आणि मागच्या खोलीत गेले. बाराव्या दिवशी ती फजिती झाली. अमोनिया वाढला म्हणून मी बारा लिटर पाणी बदललं, आणि नव्या पाण्यात तांबं मिसळायलाच विसरले. संध्याकाळी मोजलं तर २.३ चं १.७५ झालेलं. आमच्या बाटलीची मात्रा किमान दोन. ह्यांचं म्हणणं, "अर्ध्या दिवसानं काय बिघडतं? पुढं मोज." मलाही मनातून तेच हवं होतं, सणाचे दिवस, हाताला कामं थोडी का होती! पण त्या अर्ध्या दिवसात एखादं पिल्लू निसटून माशाच्या अंगात शिरलं असेल तर? मुलगी काही बोलली नाही. तिनं बाराचा आकडा खोडला आणि त्याच्या शेजारी एक लिहिला.

तुळशीची लग्नं लागून गेली, मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले, तेव्हा कुठे ती जोडी बैठकीच्या टाकीत आली. अंगावर एक कण नाही. त्यातली मोठी आता दांडगाई करू लागली आहे, म्हणजे कारभार तिच्या हाती जातोय. पण तिला ठमाकाकू म्हणायचं नाही, असं मुलीनं आम्हाला बजावलं आहे.

आणि सध्या मागच्या खोलीत आणखी एक पाहुणा आहे. निळा टँग नाही. तो वाढून फूटभर होतो, आमच्या चार फुटी टाकीत तो मुळात आणायलाच नको होता, हे पुढे कळलं. हा आहे यलोटेल डॅम्सेल, दोन-अडीच इंचांचा, निळा आणि शेपटी पिवळी. मुलगी त्याला गरिबाघरची डोरी म्हणते. आज त्याचा तेविसावा दिवस. सकाळी तांबं २.२ भरलं, अमोनिया शून्य, कोळंबीचे तुकडे मटामट खाल्ले. नाव काय ठेवायचं म्हणून पोरीनं भुणभुण लावली आहे. मी म्हटलं, बारसं मोठ्या टाकीत गेल्यावर.